टॉवेलाखालचं मत

“ह्यो ड्रमवाला घरात भांडून आलाय,” बिरूदा म्हणाला. “बायकूशी न्हाई, भावाशी. बायकूशी भांडलेला माणूस एवढा नेमानं बडवत न्हाई.”

बिरूदाचं हे मी ऐकलेलं पहिलं मत. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पंपाचे सुटे भाग करणारा आमचा छोटा कारखाना आहे. मी तिथे माल पाठवण्याचं काम बघायला नुकताच लागलो होतो आणि बिरूदा लेथ विभागाचा फोरमन होता. सुट्टीच्या दिवशी मी विसरलेला डबा न्यायला आलो, तर बंद मशीनांच्या मधोमध एका पालथ्या पिंपावर स्पीकर ठेवलेला. त्यातून कुठल्यातरी परदेशी रॉक बँडचा दणदणाट चाललेला, आणि समोर चारपाच माणसं हाताची घडी घालून कीर्तनाला बसावं तशी बसलेली. बिरूदाने मला तोंडाने काही न बोलता फक्त बोटाने खाली बसायची खूण केली. डबा राहिला बाजूला, पुढची काही वर्षं माझा प्रत्येक सुट्टीचा दिवस तिथेच गेला.

बिरूदा मूळचा आटपाडीकडचा. घरची मेंढरं, दुष्काळी रान, आणि वडील मेंढरांच्या बाजारातले नावाजलेले दलाल. माणूस बुटका, खांदे रुंद, मिशी एवढी भरघोस की तो हसतोय का चिडलाय हे भुवयांवरून ओळखावं लागायचं. आयुष्य लेथच्या आवाजात गेल्यामुळे उजव्या कानाने कमी ऐकू यायचं. त्यामुळे तो स्पीकरकडे डावा कान करून आडवा बसायचा, आणि त्याचं तोंड थेट आमच्याकडे यायचं. आम्ही अल्बम ऐकायचो, तो अल्बम ऐकता ऐकता आम्हाला बघायचा. कुणी खिशातल्या मोबाइलला नुसता हात लावला तरी भुवई वर जायची.

त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि त्याचं त्याला काडीचं दुःख नव्हतं. मालकांचा मुलगा बंगळूरला गेला तेव्हा सीडींचं एक खोकं कारखान्यात टाकून गेला होता. बिरूदाने ते घरी नेलं आणि तिथून हे वेड लागलं. पुढे त्याच्या मुलीने, सोनालीने, सगळं मोबाइलवर आणून दिलं, त्यात नव्या नव्याची भरही घातली. सुट्टीच्या दिवशी मोबाइल जोडून अल्बम लावायचं काम तिचंच. ते लावून ती चहाच्या तयारीला लागायची. बँडची नावं बिरूदाने कधी विचारली नाहीत. मुखपृष्ठावरचं चित्र बघून तो स्वतःच बारसं करायचा. ‘म्हसरंवाला’, ‘जळकं घर’, ‘दाढीवाले चौघं’, ‘टकल्या पोरीचा’ अशी आमच्यात अल्बमची नावं होती, आणि दुसऱ्या कुठल्या नावाने मागितला तर अल्बम मिळायचा नाही.

नियम कडक होते. पहिला म्हणजे अल्बम आख्खा ऐकायचा, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, मधलं गाणं न गाळता.

“मेंढरू घेताना नुसता पाय बघून घेतंय का कोण?” तो म्हणायचा. “दात बघायचं, पाठीवरनं हात फिरवायचा, चालवून बघायचं. एक गाणं ऐकून मत देणारा माणूस मला दाखवू नगा.”

दुसरा नियम असा की लोकांचं मत वाचून यायचं नाही. आमच्यात मूळचे उंब्रजचे एक निवृत्त सुभेदार होते. फौजेत देशभर हिंडल्यामुळे आपल्याला इंग्रजी गाण्यातलं कळतं असा त्यांचा पक्का समज होता. एकदा ते ‘जळकं घर’वर परदेशातल्या कुणा जाणकाराने काय लिहिलंय ते मोबाइलवरून मोठ्याने वाचायला लागले. बिरूदाने शांतपणे ऐकून घेतलं.

“त्यो कोण?” त्याने विचारलं.

“अरे, बडा आदमी आहे. त्याच्या मताला वजन आहे.”

“कवा आला हुता कुपवाडला?”

“तो कशाला येईल?”

“मग त्याचं मत त्याच्या घरी. आवं सुभेदार, तुमी आज चहा करा.”

सुभेदारांनी चहा केला. तेव्हापासून जो कुणी वाचून यायचा त्याच्याकडे चहाचं काम लागायचं आणि मत द्यायचा हक्क जायचा.

तिसरी गोष्ट टॉवेलाची. ही मी दुसरीकडे कुठेही पाहिली नाही. मेंढरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल हातावर टॉवेल टाकतो, घेणारा त्याखाली हात घालतो आणि बोटं दाबून आकडा सांगतो. आजूबाजूच्या गर्दीला काही कळत नाही. बिरूदाने लहानपणी वडिलांच्या शेजारी उभं राहून हे पाहिलं होतं. आमच्यात सुरुवातीला मतं उघड द्यायची पद्धत होती, पण सुभेदारांचा आवाज मोठा. ते “एकदम फर्स्ट क्लास!” म्हणाले की बाकीचे माना डोलवायचे. बिरूदाला ते पटेना. मग त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला, डाव्या हातावर टाकला आणि प्रत्येकापुढे हात धरला. एक बोट दाबलं तर अल्बम वाया, पाचही दाबली तर डोक्यावर घ्यावा असा. त्याखाली एकदा दाबलेलं बोट परत घ्यायचं नाही. कुणी किती दाबली हे तो जन्मात कुणाला सांगायचा नाही. नुसतं एवढं म्हणायचा, “दोघांना चढलाय, एकाला झोप आलीय, एकाचं पोट दुखतंय.”

मला पहिल्यांदा टॉवेलाखाली हात घालताना इतका घाम फुटला होता की काय सांगू! दहावीच्या तोंडी परीक्षेलाही तेवढा फुटला नव्हता. ‘म्हसरंवाला’ मला मनापासून आवडला होता, पण तसं म्हणायला लाज वाटत होती, कारण बाकीच्यांची तोंडं आंबट दिसत होती. मी पाच बोटं दाबली. बिरूदाने माझ्याकडे बघितलं आणि मिशीच्या आड काहीतरी हललं. “एकाला लय चढलाय,” तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून मला बिरूदा आवडू लागला.

त्याची स्वतःची मतं मात्र तो उघड द्यायचा, आणि ती ऐकायला लोक कुपवाडच्या दुसऱ्या टोकावरून दुचाकीवर यायचे. एका गाजलेल्या गायिकेच्या पॉप अल्बमबद्दल तो म्हणाला, “पोरीचा आवाज ग्वाड हाय, पन तिच्याभोवती लय माणसं कामाला लावल्यात. तिला एकटीला बसवा, चहा द्या आन गाऊ द्या.” एका आक्रस्ताळ्या मेटल बँडबद्दल म्हणाला, “ही पोरं वाईट न्हाईत. ह्यांना कुणी जेवलास का म्हणून इचारलं न्हाई, एवढंच.” संगणकावर केलेल्या एका अल्बमबद्दल त्याचं म्हणणं होतं की हा अल्बम चांगला आंघोळ करून आलाय पण घरातून बाहेरच पडलेला नाही. ह्या सगळ्याचा अर्थ काय असं विचारलं तर तो चिडायचा. अर्थ त्याला स्वच्छ दिसत असायचा.

एकदा ‘दाढीवाले चौघं’ ऐकला. बिरूदा बेहद्द खूश झाला. गाण्यांची रांग कशी लावलीय ह्यावर तो बराच वेळ बोलला. संथ गाणं आधी ठेवून मग कसा धक्का दिला, आणि शेवटाला हसरं गाणं ठेवून माणसाला कसं घरी धाडलं. त्याचं झाल्यावर सोनालीने मोबाइल बघितला आणि ओढणी तोंडात धरली.

“आप्पा, शफल चालू राहिलं होतं.”

“म्हंजे?”

“म्हणजे गाणी मोबाइलनं वाटेल तशी लावली. त्यांनी अशी लावलीच नव्हती.”

सगळे हसून लोळायला लागले. सुभेदार तर खुर्चीवरून उठून मशीनला टेकले. बिरूदाने तिच्या हातातला मोबाइल घेऊन उलटसुलट करून बघितला.

“मग चौघांपेक्षा तुझ्या मोबाइलला जास्ती कळतंय,” तो म्हणाला. “ही रांग लिहून ठेव. इथनं पुढं ह्यो अल्बम असाच वाजंल.”

आणि तो तसाच वाजला. आजही मला त्या अल्बमची मूळ रांग ऐकली की चुकल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या एका अल्बममध्ये त्याचं फार लाडकं गाणं होतं. धुक्यात मेंढी हरवलेला माणूस हाका मारत हिंडतोय, असं त्याने आम्हाला सांगितलं होतं, आणि आम्हालाही ते तसंच ऐकू यायचं. सुभेदारांना राहवेना. त्यांनी शब्द शोधून काढले आणि जाहीर केलं की हा माणूस समुद्रकिनाऱ्यावर गाडी लावायला जागा शोधतोय. आता बिरूदा काय करतो म्हणून आम्ही त्याच्या भुवयांकडे बघायला लागलो.

“हुडकतोय का न्हाई?” बिरूदाने विचारलं.

“हो, शोधतोय.”

“घावत न्हाई म्हणून जीव कासावीस झालाय का न्हाई?”

“झालाय.”

“मग काय हुडकतोय ही त्याची घरगुती बाब हाय.”

ह्या सगळ्यांत एक अल्बम वेगळा होता, ‘छत्रीवाला’. मुखपृष्ठावर पाण्यात उलटी तरंगणारी छत्री. गाणी लांबलचक, गिटार एकदा सुरू झाली की पाहुण्यासारखी मुक्कामाला राहणारी, आणि गाणारा माणूस घोगऱ्या आवाजात काहीतरी विनवणारा. हा अल्बम बिरूदा वर्षातून एकदा लावायचा, खंडेनवमीला. मशीनांना हार घातले, नारळ फोडला, पेढे वाटले की तो स्पीकर मशीनांकडे तोंड करून ठेवायचा आणि म्हणायचा, “ह्यांनी वर्षभर आपल्याला ऐकवलं, आज त्यांनी ऐकायचं.” तेव्हा टॉवेल बाहेर यायचा नाही. त्या अल्बमवर मत विचारायचं नाही आणि द्यायचंही नाही. घरातल्या देवाचा भाव करत नाहीत, असं तो म्हणायचा. वाजून झाल्यावर तो मिशी पुसायचा आणि पेढ्याचा खोका घेऊन फिरायचा. त्या वेळी त्याच्याशी कुणी बोलत नसे.

मग सोनालीच्या लग्नाचं निघालं. मुलगा कोरेगावचा, अक्षय नावाचा. दोघं सांगलीत फार्मसीला एकत्र होते आणि आपलं आपण ठरवूनही बसले होते. बिरूदाच्या बायकोला, आमच्या वहिनींना, माहीत होतं, मला माहीत होतं, बहुतेक मशीनांनाही माहीत होतं. बिरूदाला फक्त ‘स्थळ आलंय’ एवढंच सांगितलं होतं. पोराचं मेडिकलचं दुकान, घरची शेती, माणसं चांगली. बिरूदाने सगळं ऐकलं आणि एकच अट घातली.

“पोरगं माझ्यासंगं ‘छत्रीवाला’ ऐकंल. आन टॉवेलाखाली हात घालंल.”

सोनाली दुसऱ्या दिवशी धावत माझ्याकडे आली.

“काका, मेलो आपण! त्याला जुनी गोड गाणी आवडतात. रॉक लावला की तो कान खाजवतो. त्यानं उलटं काही केलं तर आप्पा नाही म्हणतील. आणि ते एकदा नाही म्हणाले की संपलं!”

मग त्या पोराची तयारी सुरू झाली. वहिनींनी फोन करून बजावलं, डोळे मिटून पाचही बोटं दाबा. सुभेदारांनी कुठूनसा त्याचा नंबर मिळवून सांगितलं, “पाच म्हणजे चमचेगिरी. चार दाबो, इज्जत रहेगी.” माझा फोन गेला तेव्हा बिचाऱ्याने आधीच विचारलं, “काका, तुम्ही किती म्हणताय?” मी फोन ठेवून दिला.

बघायचा कार्यक्रम बिरूदाच्या घरी झाला. कोरेगावहून अक्षयबरोबर त्याचे आई, वडील आणि चुलते आले. पोहे दिले, आणि प्लेटा हातात असतानाच ‘छत्रीवाला’ सुरू झाला. नियम नियम असतो. पाहुण्यांना चमचा वाजवायची चोरी झाली. मुलाची आई पोह्यांकडे बघत बसली, वडील छताकडे. तिसऱ्या गाण्यात चुलत्यांना झोप लागली, आणि चौथ्या गाण्यातल्या हळव्या जागेवर ते घोरायला लागले. हसू दाबून दाबून माझ्या बरगड्या दुखायला लागल्या. सोनाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आणि तिचं हसू केव्हाच पळालं होतं. बिरूदा डावा कान स्पीकरकडे करून थेट मुलाच्या तोंडाकडे बघत होता. अक्षय सरळ बसून राहिला. एकदाही मोबाइलला हात लावला नाही आणि एकदाही मान डोलवली नाही.

अल्बम संपला. बिरूदाने हातावर टॉवेल टाकला आणि पुढे केला.

अक्षयने हात घातला. आम्हाला टॉवेलच फक्त दिसत होता, पण मी बिरूदाच्या भुवया बघत होतो. त्या आधी वर गेल्या आणि मग दोन्ही खाली आल्या. त्याने हात सोडला नाही.

“कारण सांग,” तो म्हणाला. टॉवेलाखालच्या मताचं कारण त्याने आजवर कुणालाच विचारलं नव्हतं.

“काका, पहिली दोन गाणी बरी आहेत,” अक्षय म्हणाला. “पुढं ते गृहस्थ तेच तेच रडतात. गिटार थांबतच नाही. मला सारखं वाटत होतं, कधी संपतंय.”

वहिनींनी कपाळावर हात मारला. बिरूदा उठला आणि आत निघून गेला. आतून माठातलं पाणी घेतल्याचा आवाज आला. सोनालीने दाराची चौकट घट्ट धरली होती. चुलते जागे झाले आणि कुणाचं काय ठरलं असं विचारायला लागले. त्यांना सांगायला कुणाला काही माहीतच नव्हतं.

बिरूदा बाहेर आला तो साखरेची वाटी घेऊन.

“पावणं, पोरगं आमाला पसंत हाय,” तो म्हणाला. “माझ्या तोंडावर खोटं बोललं न्हाई, तवा माझ्या पोरीशी बी कवा खोटं बोलायचं न्हाई. त्याचं कान खराब हायती, ती आमी बघून घिऊ.”

घरात एवढा गलका झाला की शेजारची माणसं बघायला आली. सोनाली तर रडत रडत सगळ्यांना दोनदोनदा साखर देत सुटली. त्या गडबडीत बिरूदाने मला कोपऱ्यात ओढलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने टॉवेलाखालची गोष्ट फोडली.

“एक बोट रं गड्या,” तो म्हणाला. डोळे भरून आले होते. “एकच. ‘छत्रीवाला’ला!”

साखरपुड्यापासून लग्नापर्यंत सासऱ्या-जावयाचं फोनवर तेवढंच भांडण चालू राहिलं. एकदा अक्षय दुकानातून ओरडताना मी ऐकलं, “काका, गिऱ्हाईक उभं आहे, पाचव्या गाण्याचं संध्याकाळी बोलू!”

लग्न कुपवाडलाच झालं. मला चाकणला नवी नोकरी लागली होती आणि पुढच्या आठवड्यात निघायचं होतं, त्यामुळे नवरा-नवरीला माझ्या गाडीतून कोरेगावला पोचवायचं काम मी हौसेने मागून घेतलं होतं. पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते, आणि बिरूदा मात्र मांडववाल्याशी कनातीवरून हुज्जत घालत लांब उभा होता. सोनाली त्याच्याकडे गेली तर तो आचाऱ्याकडे वळला. ती गाडीत बसली. मी चावी फिरवली, आणि पुढचं दार उघडून फेट्यासकट बिरूदा माझ्या शेजारी येऊन बसला.

“आप्पा, काय करताय?”

“जावयाला ‘छत्रीवाला’ पुन्हा ऐकवायचा हाय. गाडीतला स्पीकर चांगला हाय. आख्खा झाला की उतरतो. घाल रं गाडी!”

बाहेर रडणारी माणसं हसायला लागली. मी गाडी घातली. अल्बम पेठनाक्याच्या अलीकडे संपला. बिरूदा म्हणाला, मधल्या ट्रकांच्या हॉर्नमुळे नीट ऐकू आलं नाही, परत लाव. एकदा झालेला अल्बम लगेच परत लावायचा हट्ट त्याने आजवर कुणाचा ऐकला नव्हता. मी परत लावला. कराड मागे पडलं. बिरूदा डावा कान खिडकीकडे करून बसला होता. त्याला त्यातलं किती ऐकू येत होतं कोण जाणे.

उंब्रजला, कोरेगावचा रस्ता फुटतो तिथे, घोगरा माणूस शेवटचं विनवून थांबला. मी गाडी कडेला घेतली. बिरूदा उतरेना.

“आप्पा,” अक्षय मागून म्हणाला, “ह्या वेळी मला बराच आवडला. दोन बोटं. नाही, तीन.”

“गप!” बिरूदा गरजला. “मला बरं वाटावं म्हणून बोटं वाढवू नगंस. एक म्हनलास ना, एकावर ऱ्हा.”

मग सोनाली बोलली.

“आप्पा, इतकी वर्षं तुमचे सगळे अल्बम मी लावले. मला कधी विचारलंच नाहीत.”

बिरूदा आसनावर पुरता मागे वळला. टॉवेल नाही, काही नाही. नुसता तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

“व्हय की,” तो हळूच म्हणाला. “बरं, आता सांग.”

“मला ‘छत्रीवाला’ आवडत नाही. शाळेत होते तेव्हापासून नाही. पण तो ऐकताना तुम्ही जसे दिसता ना, ते मला फार आवडतं. म्हणून लावत आले.”

बिरूदा हसायला लागला. पोट धरून, डॅशबोर्डवर थापा मारत, फेटा कानावर येईपर्यंत हसला. “आयला, घरातच एक बोट हुतं की माझ्या!” म्हणत हसला. हसता हसता डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरलं तेव्हा आम्हा तिघांना कळलं की त्याचं हसणं केव्हाच संपलंय. त्याने मागे हात घालून तिच्या डोक्यावर ठेवला, जावयाच्या गालावर हलकी चापट मारली आणि दार उघडून उतरला.

“जावा,” तो म्हणाला. “मी यष्टीनं जातो माघारी.”

मी कोरेगावच्या रस्त्याला गाडी वळवली. आरशात बघितलं तर बिरूदा हमरस्त्याच्या कडेला उभा होता. सांगलीकडे जायचं तर रस्ता ओलांडून पलीकडे उभं राहायला हवं होतं. पण तो अलीकडेच, साताऱ्याकडे जाणाऱ्या बाजूला होता, आणि आमच्या मागून कोरेगावकडे वळणाऱ्या प्रत्येक गाडीला फेटा सावरत हात करत होता.